अँपिअर नावाचा माणूस

९ डिसें.
सकाळी हे हरभऱ्याले पाणी द्याले गेलते. मोटर नुसती घुरघुरून राह्यली म्हणून स्टार्टरच्या लोखंडी पेटीले हात लावला अन् चिकटले. भाऊजीनं वाळल्या काठीनं हात सोडवला. यवतमाळले आणलं. शुद्ध नाही. तळहात काळा ठिक्कर. भाकर तव्यावर टाकून निघाली मी, गॅस बंद केला का नाही तेही...

१० डिसें.
डॉक्टर म्हणते ठोके मांगंपुढं होऊन राह्यले, पाहू. पाहू म्हणजे काय, बाप्पा?

कोमल होस्टेलवरून आली. वायरमनचं शिकते पोरगी. रडली नाही, पह्यलं काकाले विचारलं, "फ्यूजमंदी तार कोणती होती?"
भाऊजी खाली पाहत, "जाडी. बारकी घडीघडी उडे, म्हणून दादानंच टाकली."
पेटीत करंट उतरला, अर्थिंगच्या वायरनं जमिनीत चालला, तरी जाडी तार जळली नाही. जळाची होती तार अन् जळला माहा माणूस.

मी विचारलं, किती लागला असन? दहा अँपिअर? मोटरच्या पाटीवर तो शब्द पाह्यलाय मी.
"एकही लागत नाही आई. एका अँपिअरचे हजार भाग कर. त्यातले पन्नास-शंभर माणसाले पुरतात."
एवढूसं!

११ डिसें.
तसेच पडून हायेत. बाजूच्या खाटेवर पैनगंगेपलीकडचा, तेलंगणातला माणूस, तोही मोटरवरच चिकटलेला. त्याची बायको तेलुगू बोलते, मले एक शब्द समजत नाही. पाणी पायजे तं हातानं दाखवते. आज फोनवर बोलता बोलता ती "अँपिअर" म्हणे. दचकलीच मी! झाडणारी मावशी बंजाऱ्याच्या तांड्यावरची, तिले विचारलं, तुमच्या बोलीत काय म्हणता? तेच म्हणे.
कोमल म्हणे, जगात सगळीकडं तेच. फ्रान्सातल्या एका मास्तराचं आडनाव हाय.
आडनाव! माणसाचं! डोकंच फिरलं. "मेल्यानं नाव ठेवलं तं ठेवलं, माह्या घरी कायले आला?"
"त्यानं नाही ठेवलं आई. तो मेल्यावर लोकाईनं ठेवलं."
दोघी हसलो. मंग पोरगी जे रडाले लागली, आवरेच ना.

१३ डिसें.
ह्याईनं डोळे उघडले! मले ओळखलं, कोमलले ओळखलं. तेलुगूवालीनं माहा हात घट्ट धरला. तिचा माणूस अजून तसाच पडून हाय.

दुपारी भाऊजीचा फोन. "वहिनी, हरभरा फुलावर हाय. उद्या मोटरले दिवसाची लाइन हाय, मंग रातचीच. मोटर दुरुस्त करून आणली, पण बारकी तार उडूनच राह्यली. जाडी टाकू का? दादाले विचारा."
फोन मोठ्यानं बोलते. ह्याईनं ऐकलं. हाताले एवढी पट्टी, ओठ वाळलेले, अन् पह्यला शब्द काय, तं, "टाक म्हणा."
हा माणूस कालपर्यंत मेल्यात जमा होता!
कोमल माह्याच तोंडाकडं पाहून राह्यली.
मी म्हटलं, "भाऊजी, थांबा."
"कुठवर थांबू, वहिनी? पाणी नाही भेटलं तं फूल गळते." तेही खरंच हाय.
जाडी टाका का नका टाकू, ते अजून भाऊजीले सांगतलं नाही. लाइन सकाळी येते.