खिडकीवरचा मेनू

सातारा, ४ जाने. ९९
स्वतःच्या हातानं केलेलं: दूध संकलनाचा प्रोग्रॅम (क्लास न लावता), वजनकाटा काँप्युटरला जोडायची डबी, काँप्युटरचं टेबल. आणि आता प्रोग्रॅमची माहिती देणारी वेबसाइट. डावीकडे मेनू: मास्टर, एन्ट्री, रिपोर्ट, युटिलिटी. प्रोग्रॅममध्ये जो क्रम तोच इथे. एकही लिंक तुटलेली नाही.
पुण्याची कंपनी सगळं विकत घेऊ म्हणते. जमलं तर प्रोग्रॅम राज्यभर जाईल.

९ जाने.
कडेगाव. इथल्या दूध संस्थेत माझाच प्रोग्रॅम. सचिव शालनताईंना साइट उघडून दिली. म्हटलं, चुकलेली फॅट कशी दुरुस्त करायची ते शोधा. सगळे मेनू उघडून झाले. सापडेना. होतं ते युटिलिटीत.
"आवं सर, दूध घालाय खिडकीत माणूस येतोय तो 'युटिलिटी, युटिलिटी' म्हणून वरडतोय व्हय?"
"मग काय म्हणून ओरडतो?"
"सकाळी या की. ऐका."
रागच आला. तरी मुक्काम केला.

१० जाने.
खिडकीच्या आत स्टुलावर बसलो. "फॅट कमी का लागली?" "माजं दूध त्येच्या नावावर कसं?" एकजण ताईंना, "पेंडीचं पैसं दोनदा कापलं. झोपला हुता का?" ताई: "व्हय, तुमच्या म्हशीशेजारी."
सगळं टिपून घेतलं.

१७ जाने.
मेनू मोडला. नवे मथळे: फॅट कमी लागली. दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं. कपात दोनदा झाली. बिल निघत नाही. मधेच वीज गेली. पानं तीच. 'दूध दुसऱ्याच्या...' तीन ओळींत मोडत होतं, रकाना रुंद केला.

२३ जाने.
कडेगाव. ताईंना पहिल्या झटक्यात सापडलं. "आता गावलं." एवढंच. बरं वाटलं. जुना क्रमही चूक नव्हता म्हणा.

२ फेब्रु.
कंपनीच्या साहेबांचा फोन. "ही तक्रारपेटी झाली. आमच्या सगळ्या पॅकेजचे मेनू एकसारखे असतात. पहिला होता तोच ठेवा." म्हटलं, दोन्ही ठेवतो, तुमचा वर, हा डावीकडे. "नको. एकच."

५ फेब्रु.
हिचं म्हणणं, "मेनूच ना? द्या बदलून. पहिला तरी कुणी केलेला? तुम्हीच."

८ फेब्रु.
फोन केला. नाही म्हणालो. साहेब: "मार्चपर्यंत विचार बदलला तर सांगा." फोन ठेवला.
हिला अजून सांगायचंय. नाकारलं ते असं: प्रोग्रॅम, वेबसाइट, सगळे हक्क, एकरकमी पंच्याहत्तर हजार रुपये.