समुद्राच्या चौकोनात शून्य

बुकित पंजांग, सिंगापूर
१० मे १९९७

प्रिय संजू,

तुझं पत्र परवा मिळालं. त्यातही पुन्हा तेच, की सुबोधभाऊजी म्हणाले होते, ते वादळ किरकोळ होतं. जानेवारीपासून तू हे एकच वाक्य धरून बसली आहेस. भोरला माहेरी भेटायला येईल त्याला तू ते ऐकवतेस, असं प्रबोध सांगतो. वादळच किरकोळ, मग आपल्या क्षितिजला काय होणार? जहाज बुडालं असेल, पण त्याला कुठल्यातरी बोटीने उचललं असेल, कुठल्यातरी बंदरात आजारी पडला असेल, येईल. तुझा भाऊ बिचारा ऐकून घेतो आणि मला फोन करतो. मी तुझ्याशी फोनवर नुसता हं हं करतो. बोलायला गेलो की पलीकडून तूच मला समजावायला लागतेस. ते मला सहन होत नाही. म्हणून लिहितोय. प्रबोधला जवळ बसव आणि मग वाच.

सुबोध खोटं बोलला नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, भला माणूस आहे, तुला धीर यावा म्हणून वादळांच्या यादीत होतं ते त्याने सांगितलं. पण ती यादी होते कशी, हे तुला कुठे ठाऊक आहे? तू नेहमी हसायचीस, की इथे बारा महिने घामाच्या धारा आणि हा माणूस युरोपातली हिवाळी वादळं मोजून पोट भरतो. तर ऐक आता. आमची कंपनी विमा कंपन्यांचा विमा उतरवते. तिकडे वादळ झालं की आम्ही नकाशावर चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनात वाऱ्याचा वेग घ्यायचा आणि त्याचा घन करायचा, कारण वारा दुप्पट झाला की मार आठपट बसतो. मग त्या चौकोनातल्या घरांच्या, कारखान्यांच्या किमतीने त्याला गुणायचं. सगळ्या चौकोनांची बेरीज म्हणजे वादळाची तीव्रता. आता समुद्राच्या चौकोनात घर कुठलं? तिथे शून्य घालायचं. मग वारा कितीही सुटलेला असो, उत्तर शून्य.

क्षितिजचं वादळ बिस्केच्या उपसागरातच सगळा जोर संपवून किनाऱ्याला लागलं. फ्रान्समध्ये थोडी कौलं उडाली, काही झाडं पडली, बस. म्हणून ते यादीत तळाला गेलं, आणि तळाला होतं म्हणून सुबोध किरकोळ म्हणाला. एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे, संजू. त्याच्यावर तू चार महिने काढलेस.

डिसेंबर आठवतो ना? त्याचं जहाज इथे तुआसच्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं आणि तो रोज संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन घरी यायचा. तू या उकाड्यात बसून त्याच्यासाठी माकडटोपी विणलीस. लिफ्टमधली ती चिनी आजी लोकरीचा गुंडा बघून तुला वेड लागलंय असं समजली. निघताना टोपी घेतलीस का विचारलंस, तर इथल्या पोरांसारखं कॅन लाह आई, म्हणजे हो गं, असं म्हणून स्वारी पसार. त्या लाहचा तुला कोण राग! मराठीला हे शेपूट कशाला, म्हणून भांडायचीस. शेवटी तूच त्याच्या बॅगेत टोपी कोंबलीस. परवा बसमध्ये मागे एक पोरगं लाह म्हणालं आणि मी वळून बघितलं. मूर्खासारखा बघतच राहिलो. ते घाबरून पुढे जाऊन बसलं.

आणि काल मी ऑफिसात एक केलं. सगळे जेवायला हॉकर सेंटरला गेले होते. मी जानेवारीची फाइल उघडली. त्याचं जहाज जिथून शेवटचं बोललं तो चौकोन शोधला. तिथे शून्य होतं. ते मीच घातलेलं, दुसरं कोण घालणार? ते पुसलं आणि तिथे एक घातला. एक माणूस. वादळ यादीत होतं तिथेच राहिलं, तसूभर हललं नाही. मला असा संताप आला! मग सगळ्या पॅरिसची किंमत उचलली आणि त्या पाण्यात नेऊन टाकली. वादळ सर्रकन यादीच्या माथ्यावर गेलं. इतकी वर्षं जी जी मोजली, त्या सगळ्यांच्या वर. तसला वारा होता तिथे. त्या वाऱ्यात जहाजावरच्या जीवरक्षक बोटी खाली सोडता येत नाहीत आणि जानेवारीच्या त्या पाण्यात माणूस टिकत नाही. आपला क्षितिज गेला, संजू. सुबोध परत आला, त्याने संगणकाचा पडदा पाहिला आणि माझ्यासमोर कॉफी ठेवली. सोमवारी साहेबाला यादी द्यायची आहे. मी पॅरिस परत जागेवर ठेवलं आणि त्या चौकोनात माझ्या हाताने पुन्हा शून्य घातलं.

हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, असं गुरुजी मार्चमध्ये म्हणाले. तू म्हणालीस, आत्ता पळसाला नुसती फुलं आहेत, पालवी फुटू दे, मग बघू. वाळकी पानं चालतात, हे तू कानावरच घेतलं नाहीस. खरं सांगू? मलाही बरं वाटलं. रोज बसच्या रांगेत मनाशी म्हणायचो, अजून पानं नाहीत. काल संध्याकाळी प्रबोधचा फोन आला. मागच्या अंगणातला पळस वरून हिरवा झालाय, म्हणाला. खालच्या फांद्या तेवढ्या बोडक्या आहेत, कारण तुझ्या हाताला येतील ती कोवळी पानं तू रोज खुडून गटारात टाकतेस. आणि आता त्याच्याकडे शिडी मागते आहेस. संजू, एकटी चढू नकोस, पडशील. या पत्राच्या मागोमाग मी निघतोय. मी शिडी धरतो, तू पानं काढ. पण या वेळी टाकायची नाहीत. टोपलीत ठेवायची.

येतोच आहे,
तुझाच
पद्माकर