वाघरीचं तोंड

मी, बिरुदेव मायाप्पा लवटे, वय वर्षे एक्केचाळीस, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीस, मूळ राहणार लवटे वस्ती, तालुका सांगोला, हल्ली मुक्काम जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नीचे याबाबत दुमत आहे, तेही नोंदवतो. कोणी जबरदस्ती केलेली नाही, नशापाणी केलेले नाही, सकाळपासून चार कप चहा मात्र झाला आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. डॉक्टर असे म्हणाले की मी घाबरतो, म्हणून हा खटाटोप.

यापूर्वी मी चार मृत्युपत्रे लिहायला घेतली, चारही गेल्या महिन्याभरात. एकही शेवटापर्यंत गेले नाही. दर वेळी मधलेच एखादे कलम खटकायचे आणि मी पुन्हा वरून सुरू करायचो. शेवटी वकील रेश्मा गडदे म्हणाल्या, "लवटे, याचं तुमच्या त्या गेमसारखं करू नका. सही करा आणि मोकळे व्हा." ती चारही रद्द समजावीत.

कलम १. जुळे सोलापुरातील दोन खोल्यांचा फ्लॅट, प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेत जे निघेल ते सर्व पत्नी दिपाली हिला. आम्हाला मूलबाळ नाही. आईला ती माझ्यापेक्षा चांगली सांभाळते, हे तिला तोंडाने कधी सांगितले नाही म्हणून येथे लिहितो. घरातल्या ज्या वस्तू मी सुधारल्या, म्हणजे स्कूटीचा हॉर्न, मिक्सरचे बटण आणि न्हाणीघराची कडी, त्या तिने खुशाल पहिल्यासारख्या करून घ्याव्यात. कडी उलटी फिरते हे मला मान्य आहे.

कलम २. आता मुख्य मिळकत. ती हातात धरता येत नाही, म्हणून खुलासा करतो. ट्रक चालवण्याचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यातले मूळचे रस्ते परदेशातले. त्या गेमच्या पोटात शिरून आपले रस्ते, आपली झाडे, आपली माणसे घालायची, याला मॉड करणे म्हणतात. अकरा वर्षे मी तेच केले. टेंभुर्णीच्या चौकापासून करकंब, पंढरपूर, सांगोला करत आमच्या वस्तीपर्यंतचा रस्ता मी उभा केला. खड्डेसुद्धा स्वतः जाऊन पाहून घातले. त्यातले काही पुढे खऱ्या रस्त्यावर बुजले, माझ्याकडे अजून आहेत.

खरे सांगायचे तर गेम मला खेळवतच नाही. गाडी सुरू करतो, दहा मिनिटांत एखादी बाभूळ दिसते आणि तिची सावली चुकीच्या बाजूला पडलेली असते. लगेच गाडी उभी, गेम बंद, आणि मी सावलीच्या मागे. सावली झाली की टपरीवरची पाटी. पाटी झाली की पाटीवरची धूळ. करकंबच्या पुढे मी गाडी कधी नेलीच नाही. लोक विचारतात, मग यात मजा कसली? मला त्यातच मजा येते. चालत्या गाडीत माझा जीव रमत नाही, बॉनेट उघडले की बरे वाटते.

कलम ३. माझी आई तानाबाई मॉडला मोड म्हणते. वस्तीवर कोणी विचारले, पोरगं काय करतं, की सांगायची, "गेम मोडतंय." दोन वर्षे अर्ध्या वस्तीचा समज होता की मी कॉलेजातल्या वस्तूंची नासधूस करतो आणि तरी मला कोणी काढत नाही. एकदा तिला बसवून समजावले, अगं, मोडत नाही, आहे त्यात नवीन घालतो. ती मटकी बांधलेले फडके सोडत होती. म्हणाली, "मग मोड आलं म्हण की." अकरा वर्षांत माझ्या कामाला एवढा चांगला शब्द कोणी दिला नाही. वडिलांची घोंगडी आणि काठी माझ्या कपाटात आहेत, ती तिला द्यावीत.

कलम ४. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, जन्मभर मेंढरांमागे हिंडले. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून माझ्याकडे आले. माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्यासाठी मी गेममध्ये गाडी जाईल तसा वस्तीकडे चालणारा कळप घातला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, मेंढरू कधी पुढे चालत नाही, पुढे शेळी पाहिजे. तीन आठवडे शेळीत गेले. मग कुत्रे, मग शिंगरू. त्यांचे मागणे एकच होते, कळप वस्तीवर पोचलेला पाहायचा. "कवा पोचत्यात?" असे रोज विचारायचे आणि मी रोज म्हणायचो, अजून तयार नाही. वस्तीवर मी वाघर घातली, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, आणि जाळीच्या आत घोंगडी खांद्यावर घेतलेले आप्पा उभे केले. त्यानंतर कित्येक महिने मी त्या जाळीच्या गाठी सुधारत होतो. गेल्या मार्गशीर्षात आप्पा गेले. कळप पोचलेला त्यांना दाखवायचा राहिला. मला त्याची लाज वाटते आणि ती कुठल्या कलमात घालावी हे कळत नाही.

कलम ५. गुरुलिंग ईरप्पा बिराजदार, राहणार दुधनी, हा माझा लॅबमधला सोबती. आप्पा गेले त्याच्या आधीच्या पावसाळ्यात याने माझ्या कॉम्प्युटरवरून हा रस्ता उचलला आणि स्वतःच्या नावाने इंटरनेटवर सोडून दिला. हजारो लोकांनी उतरवून घेतला. खाली एकाने लिहिले, गुरुलिंग सर, शेळी एक नंबर. शेळी माझी. तेव्हापासून आम्ही एका खोलीत बसतो आणि बोलत नाही. सबब, त्याला माझ्या मिळकतीतला कणही मिळू नये. रेश्माबाई म्हणाल्या, ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करत नाहीत, पुढे भांडणं होतात. म्हणून मी मुद्दाम गुरुलिंगलाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. आपल्याला काही मिळाले नाही, याखाली त्याने स्वतःच्या हाताने सही करावी.

कलम ६. वरील मजकूर गुरुवारचा. हे आज शनिवारी लिहीत आहे, शाई वेगळी दिसते ती त्यामुळे.

गुरुलिंग सकाळी दहाला आला. साक्षीदाराने सगळे वाचायची गरज नसते, त्याने वाचले. पाचव्या कलमाला नुसता हसला. मग पान मागे उलटून चौथ्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे चुकीचं लिवलंस. आप्पांनी बघितलंय की."

मला काही समजेना. मग त्याने सांगितले. आप्पा दवाखान्यात असताना एका दुपारी मी कपडे आणतो म्हणून घरी आलो होतो. खरे तर मी जाळीच्या गाठींवर बसलो होतो आणि उठायला संध्याकाळ झाली. त्या दुपारी गुरुलिंग लॅपटॉप घेऊन आप्पांकडे गेला. टेंभुर्णीपासून गाडी काढली, कुठेही न थांबता वस्तीवर नेली. पावणेदोन तास लागले. आप्पांनी जेवणाचे ताट बाजूला सारून पाहिले.

मी विचारले, कळप पोचला का? तो म्हणाला, "पोचला. पण आत जाईना, वाघरीच्या भवती फिरायला लागला. तू जाळी चारीकडनं बांधलास, तोंडच ठेवला न्हाईस. आप्पा लई हसले. म्हणाले, धनगराचं पोर आन् वाघरीला तोंड न्हाय."

हजारो लोकांना जे दिसले नाही ते आप्पांना दिसले. हे मला आजवर का सांगितले नाहीस, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

"आप्पांनीच शपथ घातली. म्हणाले, त्याला सांगू नगं, पुन्यांदा मोडत बसंल. आता तू आपरेशनला चाललास म्हणून शपथ मोडली." मग पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "चोरलो, व्हय. पण तू गेलायस काय बे, एकदा तरी घरापर्यंत?"

चोरी ती चोरीच, यावर मी आजही ठाम आहे.

कलम ७. दिपालीने त्याला चहाला बसवले. मी आप्पांच्या खुर्चीवर आईला बसवले आणि गेम लावला. बाभळीची सावली अजून चुकीचीच आहे. हात शिवशिवत होते, पण थांबलो नाही. करकंब मागे पडले तेव्हा पुढचा रस्ता मला परका वाटला, मीच केलेला असून. सांगोल्यानंतर आईने खुर्ची पुढे ओढली. वस्तीवर पोचलो तर शेळी पुढे, कळप मागे, सगळे वाघरीला फेऱ्या घालत होते आणि आप्पा आत उभे होते. आई म्हणाली, "किती हिंडवतूस रं त्यांना. घे की आत."

मला रडू आले, ते लपवत नाही. जाळीला तोंड ठेवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. पण मी मला ओळखतो. ती फाईल उघडली की मला गाठी दिसतील, मग खुंट्या, मग आप्पांच्या घोंगडीची किनार, आणि सोमवार उजाडेल. म्हणून कलम ५ रद्द करतो आणि टेंभुर्णी ते लवटे वस्ती हा सगळा रस्ता, कळप व शेळीसह, गुरुलिंगला देतो. वाघरीला तोंड त्याने ठेवावे, उगवतीला, आप्पा ठेवायचे तसे. बाकी कशाला हात लावू नये, बाभळीच्या सावलीलाही नाही. रस्त्यावर माझे नाव आधी आणि त्याचे नंतर असावे. सोमवारी मी शुद्धीवर आलो तरी हे कलम लागू राहील. मृत्युपत्रात असे चालत नाही, असे रेश्माबाईंचे मत आहे. मी चालवतो आहे.

हे पाचवे मृत्युपत्र मी शेवटापर्यंत लिहिले. खाली सही केली आहे.

ठिकाण: सोलापूर. दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५.

(सही) बिरुदेव मायाप्पा लवटे

साक्षीदार:
१. (सही) महिपती गुंडा खरात, समोरच्या फ्लॅटमधले.
२. (सही) सोजरबाई शिवराज हाके, तळमजला. चटणीचा डबा न्यायला आल्या होत्या, त्यांना थांबवून घेतले.

खाडाखोड एक आहे. दोन नंबरला आधी गुरुलिंग ईरप्पा बिराजदार यांचे नाव होते, ते मी माझ्या हाताने खोडले. ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करत नाहीत.