श्रीरामपूरकडचं काही घ्यायचं न्हाई

३ नोव्हें., सोमवार
माझी खोली गेली ती गेलीच. निम्म्या खोलीत नातवाच्या नेटच्या धंद्याचं कपाट, कपाटात दिवसभर घूं घूं करनारा डबा. अमोल त्याला स्विच म्हनतो. बटन एक न्हाई, आन म्हनं स्विच! देवळालीच्या पुढच्या सगळ्या वस्त्यांचं नेट ह्याच्यावर चालतं. माझी झोप कशावर चालायची?
पानाच्या वर 'श्री' लिहायचं राहिलं, रागात.

४ नोव्हें.
नेट रडतंय. गिऱ्हाइकांच्या शिव्या, अमोलचं तोंड आंबलेलं. विचारलं, काय मेलं?
"आज्जी, हे डबे एकमेकाला रस्ते सांगत्यात. अमक्या ठिकानी जायचं तर माझ्याकडून जा, असं. श्रीरामपूरकडचा डबा चुकीचे रस्ते सांगतोय, आन आपला खुळ्यागत खरं धरतोय."
"मग तोंड बंद कर त्याचं."
"त्याचं न्हाई करता येत. आपले कान बंद करायचे. फिल्टर लावतो."
श्रीरामपूरकडचं खरं धरायचं न्हाई, हे मी कधीपासून सांगते. तिथं दिलेली पोटची लेक. बाप गेल्यावर हक्कसोडीवर सही करंना. जमिनीत वाटा पायजे म्हनं. त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई. मीबी लिहीत न्हाई.

५ नोव्हें.
फिल्टर लावला. आन सगळंच बंद! घरात मोबाईलला रेंज न्हाई, फोन नेटवरच लागतो, तोबी मुका. दुपारी लई झ्याक झोप लागली.
दिवेलागनीला चूक घावली. "श्रीरामपूरचे हे रस्ते नको" एवढी एकच ओळ लिहिली पठ्ठ्यानं. "बाकीचे येऊ द्या" ही ओळ राहिली. त्या डब्याचं असं, की घे म्हनून सांगितलं न्हाई ते सगळं नकोच धरतो. वर तीच यादी नगरकडनं येनाऱ्या दुसऱ्या लाईनीलाबी लावलेली.
म्हनलं, "शेनात हात घातला असता तर गोवऱ्या तरी झाल्या असत्या."
पूजा, त्याची बायको, खुदकन हसली. तिलाबी दिलं, "हसू नको. तुझ्या बापानं ह्याच अकलेला पोरगी दिलीय."
हसू गेलं. बरं वाटलं.

७ नोव्हें.
पूजा भाकरी थापता थापता रडत हुती. म्हनलं, पिठात मीठ पुरे. तवा बोलली.
"आजी, श्रीरामपूरच्या आत्या दवाखान्यात हायेत. आठ दिस झाले. बुधवारी नेट बंद हुतं तवा त्यांचे फोन येऊन गेले. सुरू झाल्यावर मोबाईलवर दिसले. लई वेळा केलेत. तुमालाच मागत असत्याल."
"आठ दिस? आन मला आज सांगती?"
"तुमीच म्हनला, नाव काढायचं न्हाई."
"नाव काढू नको म्हनले. मरायला टेकली तरी सांगू नको, असं म्हनले हुते?"
परातीकडं बघत म्हनली, "बाकीचं सांगा, असंबी म्हनला न्हवता."
ती भाकर तिच्यासमोर कुत्र्याला घातली.

८ नोव्हें.
अमोलला विचारलं, तुला ठाव हुतं? मान खाली. म्हंजे सगळ्यांनाच ठाव. एकटी मीच…
"आज्जी, गाडी काढू?"
"तिच्या दारात मी जायची न्हाई. सही तिनं अडवलीय, मी न्हाई."
मग त्यानं फोन लावला. तिच्या पोरीनं, रेश्मानं उचलला. म्हनली, "आईला दम लागतो, बोलवत न्हाई. काय निरोप असंल तो मला सांगा, मी सांगते."
"तुझ्याशी कोन बोलतंय?" म्हनून ठेवला.
ठेवल्यावर मागं कुनी खोकल्याचं ध्यानात आलं. तिचा खोकला मला ठाव हाय. लहानपनीबी असाच, कोरडा.

९ नोव्हें., रविवार
कुसुम.
लिहिलं. काय आभाळ पडलं न्हाई.
डबा घूं घूं करतोय. म्हंजे चालू हाय.
अमोलला बजावलं, जेवनं झाली की फोन लाव. त्या कपाटाला आज हात लावायचा न्हाई. रेश्मानं उचलला तर ठेवून द्यायचा, परत लावायचा. जावयानं उचलला तरी तेच. दम लागू दे, न्हाई बोलवलं तर नुसतं व्हय म्हन म्हनावं. पन उचलायचा कुसुमनंच.