वाचन : अस्खलित

९ मार्च, रविवार

प्रिय धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. वहिनी, पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून तुलाही. त्याच्या पुढ्यात कुणाचं शिलाई मशीन उघडलेलं असेल तर आधी ते बाजूला ठेवायला सांग. नाहीतर हा हो हो करतो आणि ऐकत काहीच नाही.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याच्या तक्रारी ऐकायचं मी सोडून दिलंय. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेन म्हटलं होतं, तर हे प्रशिक्षणाचं काम गळ्यात पडलं. दर शनिवारी एका नव्या शाळेत जायचं आणि शिक्षकांना सांगायचं, की सगळी मुलं एकाच रीतीने आणि एकाच वेगाने शिकत नाहीत. एखाद्या हुशार मुलालाही अक्षरं जुळवताना नाकी नऊ येतात, आणि त्यात त्याचा दोष नसतो. शिक्षक हजेरीवर सही करतात आणि घड्याळ बघत बसतात. चहा आला की मात्र सगळा वर्ग एकदम जागा होतो.

काल नेहमीचा खेळ घेतला. अक्षरं उलटसुलट करून छापलेला एक उतारा द्यायचा, एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं, आणि मी शेजारी पट्टी आपटत म्हणायचं, "लवकर, लवकर, सोपं तर आहे!" तीस वर्षं नोकरी झालेले एक गुरुजी तिसऱ्याच शब्दाला अडकले. घामाघूम झाले. कागद टेबलावर टाकून म्हणाले, "आम्हाला काय खुळं समजता का, बाई?" मी म्हटलं, "नाही. पण आत्ता तुम्हाला जे वाटलं, ते तुमच्या वर्गात कुणाला तरी रोज वाटतं." गुरुजी खाली बसले. हे वाक्य मी प्रत्येक शाळेत म्हणते आणि प्रत्येक शाळेत ते लागू पडतं. मला आता त्याचा वीट आलाय.

मग मागच्या बाकावरची एक तरुण शिक्षिका म्हणाली, "वर्गात साठ मुलं आहेत, बाई. तुमच्या हातून कधीच कुणी सुटलं नाही का?" मी म्हटलं, "सुटलं असेल. त्या काळी आम्हाला कळायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येताना बसमध्ये मला माझीच लाज वाटली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नमनालाच घडाभर तेल गेलं. मुद्द्यावर येते.

वहिनीने फोनवर भिंगरीचं सांगितलं. तुझी लेक चौथीत आली तरी तिला वाचता येत नाही, धडे नुसते ऐकून पाठ करते, हे तिच्या बाईंच्या लक्षात आलं. चांगली बाई आहे ती. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायचे, वेळ जास्त द्यायचा आणि आठवड्यातून दोनदा तिला वेगळं शिकवायचं, एवढं सगळं तिने शाळेकडून कबूल करून घेतलं. त्यासाठी वीस तारखेच्या आत अर्जावर वडिलांची सही हवी. आणि तू तो अर्ज तसाच परत पाठवलास. म्हणालास, "मुलगी मंद नाही, लबाड आहे. मीही असाच लबाड होतो. चार फटके वेळेवर बसले असते तर सुधारलो असतो." आणि त्या दिवशी तू तिच्यावर पहिल्यांदा हात उगारलास.

फोनवर मी विषय काढला की तू फोन वहिनीच्या हातात देतोस. म्हणून पत्र. वहिनी, इथून पुढचं थांबू नकोस, काही गाळू नकोस. माझी दया तर मुळीच करू नकोस.

धाकट्या, तू लबाड नव्हतास. हे मी तुझी बहीण म्हणून म्हणत नाही. तुझ्या चौथीच्या वर्गाची बाई म्हणून सांगतेय.

तुला आठवतं, संध्याकाळी ओट्यावर बसून मी तुला धडा वाचून दाखवायचे आणि मग तू तो मला वाचून दाखवायचास. बोट ओळीवरून फिरायचं, पान नेमकं वेळेवर उलटायचं. मला कोण अभिमान! एकदा दोन पानं चिकटून आली. तुझ्या डोळ्यांसमोर होता तळ्याचा धडा, आणि तू खडाखडा म्हणत होतास त्याच्या आधीचा, उंटाचा. बोटसुद्धा थांबलं नाही. मी बघितलं. दोन्ही पानं नखाने सोडवली, नीट केली आणि म्हटलं, "हं, पुढे."

तेव्हा जूनही सरला नव्हता. म्हणजे सबंध वर्ष मला ठाऊक होतं.

माझी नोकरी नवीन होती, कायम व्हायची होती. घरच्याच पोराला वाचायला शिकवता येत नाही असं शाळेत झालं असतं तर? तपासणीला साहेब आले तेव्हा मी तुलाच उभं केलं, आणि तुझा पाठ असलेलाच धडा काढून दिला. तू घडाघडा म्हणालास. साहेबांनी माझी पाठ थोपटली. वर्षाच्या शेवटी तुझ्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या हाताने शेरा लिहिला : वाचन, अस्खलित.

पुढची कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत राहिले, की बाबांच्या मारातून तुला वाचवायला लिहिलं. खोटं आहे ते. मी स्वतःला वाचवलं.

पाचवीच्या गुरुजींनी तो शेरा वाचला. नापास लिहिलं असतं तर कदाचित त्यांनी तुला पहिल्यापासून शिकवलं असतं. "चौथीत अस्खलित वाचत होतास, आता वाचा बसली का?" म्हणून ते तुला तासभर बाकावर उभं करायचे. मी शेजारच्या वर्गात असायचे. भिंत पातळ होती. सहावीत तू दप्तर टाकलंस आणि मशीनच्या दुकानात गेलास, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकते.

आणि बाबा गेले त्या आठवड्यात तू माझ्याजवळ येऊन बसलास. चाळिशीचा बाप्या, आणि मान खाली घालून म्हणालास, "ताई, चौथीत मी तुला फसवलं. वाचता येत नव्हतं, पाठ करून म्हणायचो." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे रे, लहान होतास." मी तुला माफ केलं! तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तू इतका हलका होऊन उठलास, की माझा धीर झाला नाही. खरं तर माझं खोटं झाकलेलंच राहिलं, याचं तेव्हाही मला बरं वाटलं.

तू कुणालाही फसवलं नव्हतंस. एक अक्षर न वाचता अख्खं पुस्तक पाठ करणारं पोर आळशी असतं होय रे? तीच मेहनत भिंगरी करतेय. तिच्या बाईंनी ते ओळखलं आणि तसं लिहून दिलं. मी ओळखलं आणि झाकलं.

मला काय म्हणायचं ते म्हण. हवं तर बोलू नकोस. पण वीस तारखेच्या आत सही कर. एवढंच मागते, आणि तेही तिच्यासाठी.

तुझी ताई,
जी शाळेत तुझी बाई होती

*

१७ मार्च

ताई,

हे सांगतात तसं मी लिहिते आहे. मधे माझा एक शब्द घालायचा नाही, अशी तंबी आहे.

पत्र मिळालं. हिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

पानं चिकटलेली मला आठवत नाहीत. बाकावर उभं राहिलेलं आठवतं. तू भिंतीपलीकडे आहेस हे मला तेव्हाही माहीत होतं. मला वाटायचं, ताईला ऐकू गेलं तर तिला किती वाईट वाटेल, म्हणून मी रडायचो नाही.

शाळेत जाऊन आलो. अर्जावर सही केली. भिंगरीच्या बाईंनी सगळं वाचून दाखवलं, मी न सांगताच. अर्जात एक प्रश्न होता, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का. ही 'नाही' लिहायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. वडील, असं लिही.

भिंगरी शेजारीच होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि घरी येईपर्यंत माझं बोट सोडलं नाही.

तू एवढ्यात येऊ नकोस. मला वेळ लागेल.

तुझा भाऊ