मानेचा पट्टा आणि तुझी आई

चि. वुलानला आशीर्वाद,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. शेजारच्या गिमानच्या गाडीतून बाजाराला जाताना मागून ट्रकने धडक दिली आणि माझी मान आखडली. तुझी आई म्हणाली, "अंगात वारा शिरलाय," आणि तो वारा बाहेर निघावा म्हणून तिने तेल लावून नाण्याने माझी पाठ खरवडली. तिसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या, तेव्हा दवाखाना गाठला. पाठीवरचे लाल पट्टे पाहून डॉक्टरीणबाई दचकल्या.

"आजोबा, अंगावरून चाक गेलं की काय?"

"चाक नाही हो, बायको."

त्यांनी मानेला पट्टा बांधला. महिन्याआधी काढला तर हात लुळा पडेल, म्हणाल्या. आई म्हणते, "पट्ट्याने वारा आतच कोंडतो!" माझा डोळा लागला की ती पट्ट्याला हात घालते, म्हणून दुपारची झोपही सोडली आहे. तू नर्स आहेस, तुझंच ती ऐकेल. लवकर तिला कळव.

तुझा बाप,
सुकार्मन