साहेब बोलेनात

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सकाळीच आत्यांचा फोन. "अनि, साहेब बोलेनात रे!"

साहेब म्हणजे लीलाआत्यांच्या कॉम्प्युटरमधला वाचणारा आवाज. स्क्रीनवर जे असेल ते मराठीत वाचून दाखवतो, पण गोऱ्या साहेबाने परीक्षेपुरतं घोकलेलं मराठी. म्हणून आत्यांनी हे नाव पाडलं. काचबिंदूने डोळे गेल्यापासून त्यांचं वाचन, पत्रं, जुन्या विद्यार्थ्यांशी गप्पा — सगळं साहेबांच्या तोंडून.

गेलो. स्क्रीन चालू, सगळं दिसतंय. मला! आत्यांना त्याचा काय उपयोग?

"मी दर शुक्रवारसारखंच अपडेट दिलं," त्या म्हणाल्या. "साहेब यादी वाचायला लागले ती लई लांबली. मी त्यांना मध्येच गप्प केलं, आणि 'करू का' विचारलं तेव्हा तू शिकवलंस तसं वाय दाबलं. पूर्ण ऐकायला पाहिजे होतं. माझंच चुकलं बघ."

मी आत जाऊन बघितलं. हा कॉम्प्युटर जिथून सॉफ्टवेअर आणतो, त्या ठिकाणांच्या फाईलमध्ये सगळ्यात खाली एक ओळ. 'टेस्टिंग'. दिवाळीत टाकलेली. मी टाकलेली!

"बघतो आत्या. होतं असं कधीकधी."

होतं म्हणे. आपोआप होतं जणू!

शनिवार, ९ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहितो.

आत्यांच्या मशीनवर विंडोजऐवजी डेबियन मीच बसवलं. त्यातलं स्टेबल — म्हणजे पारखून झालेलं, काही महिने जुनं, पण भरवशाचं. टेस्टिंग म्हणजे ज्याची पारख अजून चालू आहे ते. दोन्ही मिसळायचं नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दिवाळीत माझ्या मित्राच्या, गुरुप्रसादच्या हळदीचा व्हिडिओ कापायचा होता. माझा लॅपटॉप रडतो. आत्यांचं मशीन दणकट. (दणकट घ्यायला मीच लावलं होतं. त्यांना एवढं लागत नव्हतं, मला लागणार होतं. हेही लिहून टाकलं.) नवा प्रोग्राम टेस्टिंगमध्येच होता. एक ओळ टाकली, काम झालं, ओळ पुसायची राहिली.

काल आत्यांनी अपडेट दिलं, तसं मशीनने त्या वाटेने मिळेल ते सगळं नवं ओढून आणलं. अर्ध्यावर डिस्क भरली. भरणारच, माझा हळदीचा व्हिडिओ तिथेच पडलेला! आता अर्धं जुनं, अर्धं नवं, आणि साहेबांचं दोघांशीही जमेना. दुधात विरजण पडलंय. मागे फिरायला धड वाट नाही, पुसून नव्याने बसवावं लागणार.

रविवार, १० नोव्हेंबर

दुपारी बसलो होतो दुरुस्तीला. आत्या आईला फोनवर सांगत होत्या, "माझ्यामुळं पोराचा रविवार गेला."

मग मला, "डिस्क भरली म्हणजे काय रे, अनि? मी तर पत्रंच लिहिते."

चोराच्या मनात चांदणं! म्हणालो, "बारीकसारीक साठत जातं आत्या."

चहा मात्र दोनदा प्यायलो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सगळं नव्याने बसवलं. फक्त स्टेबल. आत्यांच्या फाईली सुखरूप. साहेब बोलायला लागले, तसेच, तोंडात गरम बटाटा धरून. मला वाटलं, सुटलो.

"या आत्या, बसा."

त्या आल्याच नाहीत. पलंगावर बसून राहिल्या, हात मांडीवर. "तूच वाचून दाखव काय आलंय ते. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला."

तुळजापुरात निम्म्या गावाला गणित शिकवलेली बाई ही. फळ्यावर कधी आकडा चुकला नाही म्हणून लोक अजून सांगतात.

"आत्या..."

"काय रे?"

"काही नाही. पंखा लावू का?"

नोव्हेंबरात! पंखा!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज जे बघितलं ते विसरता येणार नाही.

जळकोटच्या लक्ष्मम्मा आल्या होत्या, सुनेचा हात धरून, एसटीने. साखरेने डोळे गेले त्यांचे, यंदाच. आत्या त्यांना कॉम्प्युटर शिकवणार होत्या. दिवाळीआधीच ठरलेलं.

आत्यांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "नाही जमायचं लक्ष्मम्मा. आपल्यासारख्यांनी याच्या नादी लागू नये."

"बाई, तुमीच म्हणला व्हता न्हवं, जमतंय म्हणून? म्या त्याच भरवशावर आले."

"चुकीचं बोलले मी. माझंच मी मोडून बसले होते. अनि होता म्हणून निभावलं."

अनि होता म्हणून!

लक्ष्मम्मा उठून पायानेच चपला चाचपायला लागल्या. मी दारात उभा. एक वाक्य बोललो असतो तर त्या थांबल्या असत्या. मी चपला सरळ करून दिल्या.

"देव तुझं भलं करो लेकरा," म्हणाल्या.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं.

आज अपडेटचा वार. आत्यांनी मशीनकडे तोंडसुद्धा केलं नाही, ते बघवेना. सगळं एका दमात बोललो — ओळ, व्हिडिओ, डिस्क. रडायलाही आलं. लाज वाटली, पण आलं.

आत्यांनी उलटतपासणीच घेतली.

"ती ओळ कुणाची?"

"माझी."

"डिस्क कुणाच्या व्हिडिओनं भरली?"

"माझ्या."

"आणि मी वाय दाबलं ते?"

"ते बरोबर होतं आत्या. यादी पूर्ण ऐकली असती तरी तुम्ही तेच दाबलं असतं. कुणीही दाबलं असतं."

मग त्या, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं." पुन्हा तेच, हळू, "माझं चुकलंच नव्हतं."

आणि मग भडकल्या! "मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालतेय, आणि तू इथं बसून चहा पितोस? त्या बाईला मी आल्यापावली परत लावून दिलं! उद्या जळकोट. माझ्यासमोर सांगायचं, तुझ्या तोंडानं."

शनिवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं. लक्ष्मम्मांच्या अंगणात, सुनेदेखत, शेजारीपण ऐकत होते. टेस्टिंग-बिस्टिंग काही सांगत बसलो नाही. मी बिघडवलं आणि दोष बाईंवर जाऊ दिला, एवढंच.

लक्ष्मम्मांनी विचारलं, "म्हंजी बाईचा हात चांगला हाय?"

"चांगला आहे."

"मग झालं. म्या सोमवारी येते." मग माझ्याकडे तोंड करून, "तू नको बसूस तितं. बाई शिकवत्याल."

आत्या परतीच्या एसटीत पहिल्यांदा हसल्या. माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लक्ष्मम्मा यायच्या आधी सगळं एकदा तपासावं म्हणून बसलो. पासवर्ड चालेना. तीनदा टाकला.

स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज आला, "बदललाय मी. काल, साहेबांना विचारून. तुला काही बसवायचं असेल तर आधी मला विचारायचं."

मी खुर्ची रिकामी केली.